आडव्या शिवणीनं उंची, उभ्या शिवणीनं घेर

गेल्या अंकात बाळंतपणानंतर सुटणाऱ्या पोटाबद्दल मी चार ओळी काय लिहिल्या, महिनाभर पत्रांचा पाऊस पडला. ‘टमी टक’, म्हणजे पोटाची ढिली कातडी कापून पोट आवळण्याचं ऑपरेशन, हा शब्द आता खेड्यापाड्यांत पोचलाय हे त्यातून कळलं, आणि बहुतेकींची अडचण एकच आहे हेही कळलं: छेद कुठे घ्यायचा आणि केवढा? म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देते. एक आधीच सांगून ठेवते. पत्र वाचून छेद ठरत नाही. पेशंट समोर उभी असते, माझ्या हातात मार्कर पेन असतं, तेव्हा तो ठरतो. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, हे मात्र पत्रातून सांगता येतं. पत्रं जागेअभावी कापली आहेत आणि नावं काढली आहेत.

*

प्रश्न: मॅडम, मी इचलकरंजीत ब्लाऊज शिवते. वय ४१. दोन्ही मुलं सीझरची, धाकटा ९ वर्षांचा. वजन ७१ वरून ६२ वर आणलं, वर्ष झालं तिथंच आहे. पण सीझरच्या टाक्यांवर कातडीची झोळी लोंबते ती काही जात नाही. एका डॉक्टरांनी ‘मिनी’ सांगितलं, सीझरच्याच टाक्यांतून छोटा छेद. दुसऱ्यांनी या खुब्यापासून त्या खुब्यापर्यंत छेद सांगितला, वर बेंबी नवी करायची म्हणाले. नणंद म्हणते उभा छेदपण असतो. मिस्टर म्हणतात कशाला कापाकापी, नुसती चरबी ओढून काढा. मी रोज साडी नेसते. कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, तुम्ही ब्लाऊज शिवता हे वाचून मला हायसं वाटलं. एरवी हे सगळं मला टॉवेलला घड्या घालून समजवावं लागतं.

तुम्हीच सांगा, कापडाला आडवी शिवण घालून दोन बोटं आत घेतली तर काय कमी होतं? उंची. घेर आहे तेवढाच राहतो. घेर कमी करायचा तर शिवण उभी घालावी लागते. पोटाच्या कातडीचंही तंतोतंत तेच आहे. खाली आडवा छेद घेऊन काढलेली कातडी वरून खाली लोंबणारी झोळी घालवते. कमरेच्या बाजूबाजूनं कातडी ढिली असेल, तर नुसत्या आडव्या छेदानं ती फारशी आवळत नाही. तिथे उभा छेद लागतो. नणंदेनं सांगितलं ते खोटं नाही, पण ते बहुतेक तुमच्यासाठी नाही. तुमचं वजन ९ किलो उतरलंय. उभा छेद लागतो तो ४०-५० किलो उतरलेल्यांना, कारण त्यांचा सगळा घेरच मोकळा झालेला असतो. (अशा एका ताईंचं पत्र पुढे आहे.)

आता मिस्टरांचं. चरबी ओढून काढणं, म्हणजे लायपोसक्शन, हे उशीतला कापूस काढण्यासारखं आहे. कापूस कमी होतो, अभ्रा तेवढाच राहतो. अभ्रा ताठ असेल तर तो आपसूक आकसतो. तुमचा अभ्रा दोनदा नऊ-नऊ महिने ताणला गेलाय. त्यातला कापूस काढला तर झोळी आणखी रिकामी दिसेल. त्यांना हे असंच सांगा, माझं नाव सांगून सांगा.

म्हणजे राहिले दोघे: मिनी आणि पूर्ण. हा निवाडा निम्मा घरीच करता येतो. दार लावून घ्या, आरशासमोर खुर्चीच्या कडेवर कपड्यांशिवाय बसा आणि पोट सैल सोडा. वळ्या फक्त बेंबीच्या खाली पडतात, की बेंबीच्या वरही एखादी पडते? मग उभ्या राहून कमरेतून पुढे वाका. पोटावरची सगळी कातडी पिशवीसारखी खाली येते, की फक्त ओटीपोटाचीच? शेवटी उताण्या झोपा, गुडघे दुमडा, डोकं आणि खांदे थोडे उचला, आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं दाबून बघा. पोटाचे दोन उभे स्नायू शेजारीशेजारी असतात, मधे एक पांढरी चिवट पट्टी असते. गरोदरपणात ती ताणून रुंद होते. बोटं दोन काठांमधल्या खड्ड्यात आत जात असतील, किंवा मधोमध लांबट उंचवटा वर येत असेल, तर स्नायू फाकलेले आहेत. साधारण दोन सेंटीमीटरच्या पुढचं अंतर आम्ही मोजण्यासारखं धरतो.

ढिलेपणा फक्त बेंबीच्या खाली असेल आणि वरचे स्नायू जागेवर असतील, तरच मिनी शोभते. तिच्यात छेद लहान, साधारण १२ ते २० सेंटीमीटर. बेंबीभोवती कापत नाहीत, बरं व्हायलाही कमी दिवस लागतात. पण बेंबीच्या वरची कातडी ढिली असताना मिनी केली तर वरचं तसंच राहतं. आणि हावरेपणानं जास्त ओढून घेतली तर बेंबी खाली खेचली जाते, लांबट होते. आमच्या ऑपरेशन थिएटरात त्याला ‘रडकी बेंबी’ म्हणतात. बेंबीच्या वरचे स्नायू शिवायचे तर तिथवर हात पोचायला हवा, तोही लहान छेदातून नीट पोचत नाही. तुमची दोन सीझर, नऊ वर्षं झाली, ‘झोळी लोंबते’ हा तुमचाच शब्द. माझा अंदाज दुसऱ्या डॉक्टरांकडे झुकतो. तपासल्याशिवाय शिक्का मारणार नाही.

पूर्ण छेद म्हटलं की पहिली भीती लांबीची. साधारण ३५ ते ४५ सेंटीमीटर, तुमच्या टेपनं १४ ते १८ इंच. ऐकायला भयंकर वाटतं. इथे मी माझी एक फजिती सांगते.

प्रॅक्टिस सुरू करून मला चारेक वर्षं झाली होती. एक बाई आल्या, तुमच्याच वयाच्या, हट्टी आणि गोड बोलणाऱ्या. ‘डॉक्टर, वीतभरापेक्षा एक सूत जास्त नको.’ मला त्यांची कातडी दिसत होती. पूर्ण छेद लागणार हे कळत होतं. तरी मी ‘बघू, जमवू’ म्हणाले. नव्या डॉक्टरला ‘नाही’ म्हणता येत नाही, हा आमच्या धंद्यातला जुना आजार. वीतभरात बसवलं. तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा मधलं पोट सपाट होतं आणि शिवणीच्या दोन्ही टोकांना दोन त्रिकोणी उंचवटे उभे होते. तुम्ही ब्लाऊजचा टक घाईत संपवला की टोकाला जी चुणी फुगते ना, तीच. इंग्रजीत तिला कुत्र्याचे कान म्हणतात, ‘डॉग इअर’. मग जागा बधिर करून दोन्हीकडे चार-चार सेंटीमीटर छेद वाढवावा लागला, तेव्हा ते कान गेले. म्हणजे शेवटी व्रण मी आधीच सांगायला हवा होता तेवढाच झाला. फक्त दोन हप्त्यांत. दुसऱ्या वेळचे पैसे मी घेतले नाहीत आणि त्यांनी दिलेही नाहीत.

तेव्हापासून मी लांबीचा सौदा करत नाही. जितकी कातडी निघणार तितकी रेघ. सौदा करायचाच तर रेघ कुठे बसवायची याचा करावा. साडीवालीसाठी तिथेच खरी गंमत आहे.

आमच्या पुस्तकांत हा छेद ‘बिकिनी लाइन’नं जातो. कारण साफ आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या हॉवर्ड केलींनी १८९९ मध्ये लोंबतं पोट काढलं तेव्हा छेद पोटाच्या मध्यावरून आडवा होता. तो कुठे दिसेल याची फिकीर तेव्हा कुणाला नव्हती. पुढे ब्राझीलच्या इवो पितांगींनी १९६७ मध्ये आपल्या शेकडो पेशंटांचा अनुभव मांडला, त्यात छेद अगदी खाली नेलेला होता. रिओच्या समुद्रकिनाऱ्यावर व्रण लपायला हवा होता ना. मग पोहण्याच्या कपड्यांची फॅशन बदलली तशी ही रेघही बाजूंना कधी वर चढली, कधी खाली उतरली. माझ्या पेशंटांपैकी बिकिनी घालणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील. परकराची नाडी मात्र बहुतेक सगळ्या बांधतात.

म्हणून मी पेशंटना सांगते, मार्किंगला येताना रोजचा परकर घेऊन या. नवा नको, रोजचाच. उभं राहून तो नेहमीसारखा बांधायला लावते आणि मग सोडायला लावते. कमरेवर नाडीचा वळ उमटलेला असतो. वीस-वीस वर्षं साडी नेसलेल्या बाईच्या कमरेवर तो वळ जात नाही, काळसर खाच पडलेली असते. त्या खाचेवरून मी आधी एक तुटक रेघ ओढते. ही नाडीची रेघ. मग खाली, योनीच्या बाहेरच्या फटीच्या वरच्या टोकापासून साधारण ६-७ सेंटीमीटर वर, छेदाचा मधला बिंदू टाकते. तिथून दोन्ही बाजूंना रेघ नेताना बघत राहते की ती नाडीच्या रेघेला कुठे भेटते. मधे चार बोटांचं अंतर सहज असतं. भांडण बाजूंना होतं, खुब्याच्या हाडाशी. तिथे छेद वर चढला तर नाडी बरोबर कोवळ्या व्रणावर बसते, आणि दिवसभर मशिनवर पुढे वाकून बसणाऱ्या बाईला ती घासत राहते. त्या जागी व्रण जाड होतो, खाजतो, काळा पडतो. आपल्या सावळ्या कातडीला याची खोड जास्त आहे. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना एवढं विचाराच: ‘बाजूंना छेद माझ्या नाडीच्या वर जाणार की खाली?’ आणि व्रण पिकेपर्यंत, म्हणजे निदान वर्षभर, नाडीऐवजी रुंद इलॅस्टिकचा परकर वापरा. हल्ली साडीच्या दुकानात शेपवेअर म्हणून मिळतो. नाही तर तुम्ही स्वतःच शिवाल.

बेंबीचं सोपं आहे, तुम्हाला तर फारच. बेंबी कुणी नवी करत नाही. ती आपल्या देठाला धरून आतल्या भिंतीवर जिथल्या तिथे राहते. तिच्याभोवती गोल कापून कातडी सुटी करतात. बेंबीच्या वरची कातडी खाली ओढून घेतली की जुनं भोक खाली येतं आणि काढलेल्या तुकड्याबरोबर जातं. मग बेंबी असेल तिथे वरच्या कातडीत नवं काज करायचं आणि बटण बाहेर काढायचं. काजाची शिलाई जितकी सफाईदार तितकी बेंबी खरी दिसते. एक मात्र आधी विचारून ठेवा: बेंबीच्या वरची कातडी खालच्या छेदापर्यंत पोचेल एवढी ढिली आहे का? नसली तर जुन्या भोकाची जागा काढता येत नाही. ती दोन-तीन सेंटीमीटरच्या उभ्या रेघेनं शिवावी लागते, आणि खाली उलट्या ‘टी’सारखा व्रण राहतो. त्यात चूक काही नाही, पण शुद्धीवर आल्यावर हे कळलं तर वाईट वाटतं.

सीझरचे टाके? ते बहुतेक नव्या छेदात सामावतात. थोडे वर असतील तर काढल्या जाणाऱ्या कातडीबरोबर निघून जातात. जुना व्रण आत चिकटून कातडी खाली ओढतो आणि वरची चरबी त्याच्यावर फळीसारखी येऊन बसते. तुमच्या झोळीचं निम्मं कारण तेच असणार. फक्त ‘सीझरच्याच टाक्यांतून’ या शब्दांना भुलू नका. सीझरचा छेद १२-१५ सेंटीमीटरचा असतो, म्हणजे तो मिनीपुरता.

राहता राहिली वेळ. पहिला आठवडा कमरेतून वाकून चालावं लागेल. दोन बारीक नळ्या असतील, त्यांतून येणारं पाणी दिवसाला ३० मिलिलिटरच्या खाली आलं की निघतात. काही सर्जन कातडी आतून जागोजागी स्नायूंवर टाचतात, तुम्ही अस्तर टाचता तशी, आणि मग नळी ठेवतही नाहीत. पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी उठवून चालवतील, तेव्हा कुरकुर करू नका. पोटाला आवळपट्टा सहा आठवडे, जड उचलणं सहा आठवडे बंद. काजं-बटणं, हातशिलाई तीन आठवड्यांनी चालेल. पायाचं मशीन असेल तर सहा आठवड्यांनीच. व्रणाच्या वर, बेंबीच्या खाली बधिरपणा महिनोन्‌महिने राहतो. इस्त्री पोटाजवळ धरू नका, भाजलेलं कळणार नाही. आणि लग्नसराईच्या तोंडावर हे काढू नका. आषाढ लागला की तुमचं गिऱ्हाईक थंडावतं, गौरी-गणपतीपर्यंत श्वास घ्यायला मिळतो. पावसाळ्यात तो पट्टाही सुसह्य होतो. एप्रिलच्या उकाड्यात मी स्वतः तो कुणाला बांधायला कचरते.

*

प्रश्न: वय ४७, पुरुष, ट्रान्सपोर्टचा धंदा, नगर. हातपाय बारीक, तोंद मात्र मोठी. व्यायामाला वेळ नाही. कमीत कमी छेदात काम होईल का?

उत्तर: उताणे झोपून तोंद चिमटीत धरून बघा. मूठभर आली तर बोलू. घागरीसारखी टणक लागली आणि चिमटीत बोटभरच आली, तर ती चरबी कातडीखाली नाहीच. ती स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती आहे. तिथे माझा कुठलाही छेद पोचत नाही, लहान नाही आणि मोठाही नाही. हातपाय बारीक आणि पोट मोठं, हे शरीर प्लास्टिक सर्जनकडे नाही तर फिजिशियनकडे न्यायचं असतं. रक्तातली साखर, ट्रायग्लिसराइड, ब्लड प्रेशर आणि लिव्हरची सोनोग्राफी आधी करा. ढाब्यावरचं रात्रीचं जेवण मी पत्रातून बंद करू शकत नाही.

*

प्रश्न: माझ्या आईचं (वय ५६, मोहोळ तालुका) ओटीपोट मांडीवर येतं. घडीखाली सारखं ओलसर राहून लाल होतं, बुरशी होते, वास येतो. मलमांनी तेवढ्यापुरतं बरं होतं. ‘टमी टक’ करावं का? २० वर्षांपूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय, उजव्या बरगडीखाली तिरका मोठा व्रण आहे. साखर आहे, गोळी चालू आहे. दुसरं कुठलं व्यसन नाही, फक्त मिश्री लावते.

उत्तर: तुमच्या पत्रातले शेवटचे तीन शब्द मी दोनदा वाचले. ‘फक्त मिश्री लावते.’

मिश्री म्हणा, मशेरी म्हणा, ती भाजलेली तंबाखू आहे. हिरड्यांतून निकोटीन थेट रक्तात जातं आणि कातडीला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या आखडतात. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला आम्ही छेदाआधी दहा प्रश्न विचारतो. नऊवारीतल्या आजीला कुणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही, कारण तिच्या लेखी ते दात घासणंच आहे. माझ्या केसपेपरवर आता ‘तंबाखू’ असा रकाना नाही. ‘मिश्री, गुल, तपकीर, पान-सुपारी’ अशी नावंच छापून घेतली आहेत. कुठलाही छेद घ्यायच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत मिश्री पूर्ण बंद. दिवसाला सहा वेळा लावणारी ‘सोडली’ म्हणते आणि सकाळची एक चालू ठेवते, असं नको. निकोटीनपासून शरीरात कोटिनिन तयार होतं, लघवीत ते तपासलं की कळतं.

आता त्या तिरक्या व्रणाचं. नेहमीच्या टमी टकमध्ये खालून छेद घेऊन बेंबीच्या वरपर्यंत कातडी स्नायूंपासून सुटी करतात. स्नायूंतून वर कातडीत येणाऱ्या मधल्या रक्तवाहिन्या त्यात तुटतात. मग ती सुटी कातडी जगते कशावर? दोन्ही बाजूंनी बरगड्यांकडून येणाऱ्या वाहिन्यांवर. तुमच्या भागात उजनीचं पाणी कालव्याच्या शेवटच्या टोकाला कसं पोचतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पोटावर ते शेवटचं शेत म्हणजे शिवणीच्या लगतची मधली कातडी. आणि आईच्या उजव्या कालव्यावर २० वर्षांपूर्वीच बांध पडलाय, तो व्रण म्हणजे तुटलेला पाट आहे. अशा पोटात नेहमीसारखी कातडी सुटी करून ओढली, तर व्रणाच्या खालचा भाग काळा पडून गळू शकतो. त्यात मिश्री, त्यात साखर.

पण तुमचं पत्र पुन्हा वाचलं की लक्षात येतं, आईला सपाट पोट नकोच आहे. घडीखालचं कुजणं थांबायला हवंय. त्यासाठी वेगळं ऑपरेशन आहे, पॅनिक्युलेक्टमी. लोंबणारा पदरच पाचरीसारखा आडवा कापून काढायचा आणि तिथल्या तिथे शिवायचा. वरची कातडी सुटी करायची नाही, स्नायू आवळायचे नाहीत. बेंबी जिथे आहे तिथे राहते, फार खाली आली असेल तर तीही पदराबरोबर काढावी लागते. छेद लांबच असतो, पण तो वरच्या व्रणापासून दूर आणि रक्तपुरवठ्याला फारसा धक्का न लावणारा. दिसायला टमी टकइतकं देखणं होत नाही. आईची त्याला हरकत नसावी.

आधी तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) बघून घ्या आणि घडी पूर्ण कोरडी होऊन बुरशी गेल्यावरच तारीख काढा. नाभीपाशी किंवा जुन्या व्रणाखाली खोकताना फुगवटा येत असेल तर तेही दाखवा, कारण हर्निया असेल तर सगळा बेत बदलतो. विम्याचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते: सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया पॉलिसीत वगळलेली असते. वारंवार होणाऱ्या चिघळण्याचे जुने कागद, मलमांच्या चिठ्ठ्या, फोटो जपून ठेवा. आजारासाठी ऑपरेशन आहे हे दाखवायला तेच कामी येतात. तरी मंजुरी आधी लेखी घ्या.

*

प्रश्न: वय ३४, बँकेत नोकरी, नागपूर. बॅरिएट्रिक सर्जरीनंतर (वजन उतरवण्याचं ऑपरेशन) १४ महिन्यांत ११८ चं वजन ७० झालं, अजून महिन्याला किलोभर उतरतंय. सगळीकडून कातडी लोंबते. सर्जन म्हणतात आडवा आणि उभा दोन्ही छेद घ्यावे लागतील. मला उभा व्रण नकोय. मी साडी बेंबीखाली नेसते. दुसरा मार्ग नाही का?

उत्तर: आधी ते ‘अजून उतरतंय’. वजन निदान सहा महिने एका जागी थांबू द्या. आज मापाचं शिवलं तर दिवाळीला पुन्हा ढगळ होईल. तोवर हिमोग्लोबिन, प्रथिनं, लोह, बी-१२ तपासून भरून काढा. बॅरिएट्रिकनंतर ही चार खाती रिकामी असतात आणि जखम त्यांच्यावरच भरते.

सर्जन म्हणतात त्याला ‘फ्लर-द-ली’ म्हणतात. नाव फ्रेंच फुलाचं. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेलन नावाच्या सर्जननी ते रूढ केलं. खाली आडवी शिवण, आणि मधोमध छातीच्या हाडापासून खाली उतरणारी उभी शिवण. वर इचलकरंजीच्या ताईंना सांगितलं तेच, घेर फक्त उभी शिवण काढते. आरशासमोर उभ्या राहून दोन्ही तळहातांनी पोटाची कातडी मधोमध आणून धरा. कंबर एकदम बारीक झाली तर तुमचे सर्जन बरोबर आहेत. पण पोट बऱ्यापैकी आवळलं आणि पाठीवरच्या, खुब्यांवरच्या वळ्या तशाच लोंबत राहिल्या, तर प्रश्न मागचा आहे. तिथे आडवाच छेद कमरेभोवती पूर्ण फिरवून घेतात, करगोट्यासारखा. त्यात टेबलावर पेशंटला पालथं-उताणं करावं लागतं, वेळ जास्त, रक्त जास्त, गाठ होण्याचा धोका जास्त. मात्र व्रण कपड्यांत जातो.

मधला एक मार्ग आहे. टेड लॉकवूड या सर्जननी १९९५ मध्ये दाखवलं की कातडी नुसती मधे ओढण्याऐवजी आडव्या छेदाच्या दोन्ही टोकांना, खुब्यांपाशी, जास्त ओढ दिली तर बाजूही बऱ्यापैकी सरळ होतात. ४८ किलो उतरलेल्या पोटात तेवढं पुरेसं होईल असं मी म्हणणार नाही. पण घेरात थोडं ढिलं राहिलं तर चालेल का, हा निर्णय सर्जनचा नाही, तुमचा आहे.

उभ्या व्रणाबद्दल गोड बोलत नाही. ब्लाऊज आणि साडीच्या मधल्या उघड्या जागेत तो बरोबर मधोमध येतो आणि तो कुठल्याच साडीत लपत नाही. उभी आणि आडवी शिवण जिथे मिळते त्या कोपऱ्यावर सगळ्यात जास्त ताण असतो. तिथे जखम थोडी उघडणं, दोन-चार आठवडे ड्रेसिंग लागणं हे मी अनेकदा पाहिलंय. एका पेशंटनं मला सांगितलं होतं, ‘पूर्वी लोक पोट बघायचे, आता रेघ बघतात, मला रेघ परवडते.’ दुसरीला परवडली नाही. तिनं तीन वर्षांत एकदाही बेंबीखाली साडी नेसली नाही. दोघींचे व्रण सारखेच बारीक होते.

तुम्ही पत्रात ‘मला नकोय’ असं सरळ लिहिलंय. माझ्या टेबलासमोर बसून असं म्हणणाऱ्या बाईला मी उभा छेद देत नाही. आधी आडवा, आणि वर्षभरानं घेर खुपलाच तर उभा. नंतर उभी शिवण घालता येते, घातलेली उसवता येत नाही.

*

प्रश्न: पहिलं मूल अडीच वर्षांचं. दुसरं हवंय, पण त्याआधी पोट आवळून घेतलं तर? (ठाणे)

उत्तर: नंतर. टमी टकनंतर मूल होऊ शकतं, बाळाला त्यानं अपाय होत नाही, सीझर लागलंच तर त्याच व्रणातून करता येतं. पण शिवलेले स्नायू पुन्हा फाकतात, ओढलेली कातडी पुन्हा ताणते आणि खर्च मात्र दोनदा होतो. दुसरं बाळ अंगावरचं दूध प्यायचं थांबलं आणि त्यानंतर सहा महिने वजन हललं नाही, की पत्र टाका. येताना परकर घेऊन या.